मधलं पाणी

चाचणीत चार मार्कांचा प्रश्न होता:
सरल आवर्त गतीतल्या वस्तूचा महत्तम वेग काढा.
मी लिहिलं, टोकाला.
स्प्रिंग तिथंच सगळ्यात ताणलेली, बळ तिथंच सगळ्यात मोठं,
मग वेग आणखी कुठे जाईल?
वायंगणकर सरांनी लाल पेनानं फक्त एक शून्य काढलं.
ते मार्क होते की उत्तर,
मला आठवडाभर कळलं नाही.

पिरावाडीच्या जेटीला अकरा पायऱ्या.
खालच्या तीन बारमाही ओल्या, कालवं लागून धारदार.
तिथून रोज बुधाजीच्या होडीतून पलीकडे, मग एसटी, मग कॉलेज.
बुधाजीकडे घड्याळ नाही. वेळापत्रक आहे:
"आता नको गो चेडवा, मधला पाणी हा.
समो लागू दे, मगे जावया."

समा म्हणजे भरून थांबलेलं पाणी,
निखार म्हणजे आटून थांबलेलं.
दोन्हीकडे खाडी घटकाभर
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी उभी.
मधे मात्र तिला बोलायला सवड नसते,
वल्हं टाकावं
तर वल्हं धरणाऱ्याचंच मनगट पिरगाळते.

पुनवेनंतरच्या रविवारी अंधारातच जेटीवर जाऊन बसले.
फूटपट्टी, बाबांचं घड्याळ, एक गंजका खिळा.
दर दहा मिनिटांनी शेवाळावर पाण्याच्या काठाशी रेघ.
पाच चाळीसला निखार.
पहिल्या दहा मिनिटांत पाणी अर्धा सेंटीमीटरही चढलं नाही.
एक खेकडा चढला.
सातच्या सुमाराला रेघांत सहा-सहा सेंटीमीटरचं अंतर,
आठनंतर मला घाई करावी लागली,
एक पायरी सोडून वरच्या पायरीवर, चप्पल हातात.

वहीत आधीच मांडून ठेवलं होतं.
उधाणाला निखारापासून समापर्यंत दोनशे चाळीस सेंटीमीटर,
त्याचं निम्मं, एकशे वीस, हा आयाम.
एक फेरा बारा तास पंचवीस मिनिटांचा,
म्हणजे सातशे पंचेचाळीस मिनिटं.
दोन पाय भागिले ते, हा ओमेगा.
जागा साइननं जाते, वेग कोसाइननं,
आणि कोसाइन भरतो तेव्हा साइन शून्य असतो,
म्हणजे वस्तू बरोब्बर मधोमध,
जिथं तिला कुणीही कुठेही ओढत नाही.
ओमेगा गुणिले आयाम:
एक पूर्णांक शून्य एक.

हे कागदावर पटलं होतं. पोटात पटलं नव्हतं.

पावणेनऊला दोन रेघांमध्ये पट्टी धरली.
दहा यायला हवे होते, अकरा आले.
वरचा एक वाऱ्याचा असेल,
किंवा खिळ्याचा,
किंवा मला तो हवाच होता म्हणून माझा.

"काय गो लिवतंस शेवाळावर?"
सांगितलं. सगळं, ओमेगासकट.
बुधाजीनं होडीतलं पाणी करवंटीनं उपसता उपसता ऐकलं.
"ह्यां माका म्हायत हा," म्हणाला.
"मधल्या पाण्याक ओढणारो कोण नाय.
पण आधी ओढलेला सगळा
त्येच्या अंगात आसता मगो."

मी खाडीकडे पाहिलं.
सुपारीची झावळी वाहत आत चालली होती,
कुणी न ढकलता,
आणि जेटीच्या खांबाभोवती पाणी गळ्यातल्या आवाजात गुरगुरत होतं.

आठ दिवसांनी भांगाला पुन्हा मोजलं.
फेऱ्याला वेळ जवळपास तितकाच, उंची निम्म्याहून कमी,
वेगही तसाच खाली आलेला.
बुधाजीनं त्या दिवशी मधल्या पाण्यात होडी घातली,
मला न विचारता, शीळ घालत.

फेरचाचणीत तोच प्रश्न आला, आकडे वेगळे देऊन.
मी ते आकडे सोडवले, आणि खाली जागा उरली म्हणून
आमच्या खाडीचंही उत्तर लिहिलं.
सरांनी पेपर देताना थांबवलं.
"कुबल, खालचं एक पूर्णांक शून्य एक. काय? आंबे?
एकक लिहिलं नाहीस."

एकक मला ठाऊक होतं. दर मिनिटाला सेंटीमीटर.
पण तोंडातून निघालं ते बुधाजीचं,
त्यानं पायरीवर पंजा आडवा टेकवून मला दाखवलेलं:
"मिनिटाला अर्धं बोट, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं.
मग पेन तसाच ठेवून
आपलं बोट बघत राहिले.